सुभेदारांचं हलतं घर

सध्या मी सांगलीत राहते. माझे इथले घरमालक हळदीचे व्यापारी आहेत आणि घर या विषयावर त्यांना कसलंही मत नाही. सोफा आहे का, आहे. त्यावर बसता येतं का, येतं. विषय संपला. गेल्या दिवाळीत कोणता रंग द्यायचा असं रंगाऱ्याने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मागचाच दे, नाहीतर तुझ्याकडे उरला असेल तो दे." हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना तिथल्या तिथे चहाला बोलावलं. का बोलावलं ते त्यांना कळलं नाही. ते कळायला माणसाने साताऱ्यात सुभेदारांकडे भाड्याने राहिलेलं असावं लागतं.

सुभेदार म्हणजे माझे आधीचे घरमालक. फौजेतून निवृत्त झालेले, शिडशिडीत, मिशीचा प्रत्येक केस हुकमात. सगळी कॉलनी त्यांना सुभेदारच म्हणायची. खालच्या मजल्यावर ते आणि काकू, वर मी. कोरेगावच्या कॉलेजात मी शिकवायला जायचे; नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी यायचा. एकट्या बाईला सुरक्षित जागा म्हणून आम्ही ते घर निवडलं. सुरक्षित ते होतंच. फक्त ते एका जागी नसायचं.

नवीनच राहायला गेले होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी एस.टी.तून उतरून घरी आले, तर फाटक नाही. सकाळी जिथून बाहेर पडले तिथे ओल्या सिमेंटची भिंत. मला वाटलं, गल्ली चुकले. इतक्यात भिंतीवर सुभेदारांचं डोकं उगवलं.

"मॅडम, वळसा घाला. फाटक आता बोळाच्या अंगाला हाय."

"अहो, पण का?"

"समोरनं आत आलं की बाग एकदम दिसायची. आता हळूहळू उलगडती. लुक येतो."

हा 'लुक' आमच्या आयुष्यात मोबाइलमधून आला होता. नाशिकला दिलेल्या लेकीने त्यांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला होता. त्या लेकीला मी अजून माफ केलेलं नाही. घर सजवण्याच्या कल्पना, अंगण फुलवण्याच्या कल्पना, कमी जागेत स्वर्ग, जुन्या टायरचं नंदनवन असलं काहीबाही ते दुपारभर बघत बसायचे आणि ऊन उतरलं की करायला घ्यायचे. नुसतं बघून सोडून देणारी माणसं मला फार आवडतात. सुभेदार त्यातले नव्हते.

एकदा त्यांनी जपानी बाग केली. हिरवळ उपटून सगळ्या अंगणात पांढरी बारीक खडी पसरली, तिच्यात दाताळ्याने लाटा काढल्या, मध्ये तीन काळे दगड मांडले आणि आम्हाला सांगितलं की इथे बसून मनाला शांती मिळते. दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या झाडून सगळ्या मांजरांना ती बाग कशासाठी केली आहे हे आमच्यापेक्षा बरोबर कळलं. सुभेदार शिट्टी घेऊन पहाऱ्याला बसले. आठवडाभर शिट्ट्या ऐकून आमच्या मनाची शांती गेली, मग ती खडीही गेली.

बैठकीच्या खोलीत एक भिंत चांगली उघड्या विटांची होती. गवंड्याने जीव ओतून बांधलेली. सुभेदारांनी तिला प्लास्टर केलं आणि त्यावर विटांचं चित्र असलेला कागद चिकटवला.

"अहो, खऱ्या विटा होत्या की!" मी कपाळावर हात मारला.

"खऱ्या विटा येकसारख्या नसत्यात, मॅडम. ह्या बगा, सगळ्या येका मापाच्या."

स्वयंपाकघराची भिंत पाडून 'ओपन किचन' केलं तेव्हा काकूंनी मिरचीची फोडणी घातली की खाली ते दोघं आणि वर मी असे तिघेही एकदम खोकायचो. माझी खोलीही सुटली नाही. पाण्याची टाकी बघायला म्हणून वर यायचे आणि जाता जाता म्हणायचे, "मॅडम, तुमचा फ्रिज चुकीच्या पोस्टिंगवर हाय." नको नको म्हणेपर्यंत फ्रिज ढकललेला असायचा. नवरा शनिवारी आला की आधी दारात उभा राहून आत डोकावायचा. त्याला मी दोष देत नाही.

हे सगळं कुठून आलं ते त्यांनीच एकदा सांगितलं. वाफ्याच्या कडेने विटा तिरप्या रोवून त्यांना लाल-पांढरा रंग देत बसले होते. कुठल्याही फौजी माणसाच्या अंगणात या विटा असतातच. त्या बघून घर कुणाचं ते ओळखावं.

"फौजेत युनिट कुठंबी गेलं की पयली बाग," ते म्हणाले. "राजस्थानात झाड जगंना, तर दगडांना चुना मारून दगडांची केली. सीओसाहेब बगून म्हनले, शाबास! आसामात तर आंब्याची रोपं लावली हुती लाईनीत."

"मग आंबे लागले?"

"आंबं? लागायच्या आधी मूव्ह आली. पुढच्या युनिटनं खाल्लं असतील की."

हे त्यांनी अगदी मजेत सांगितलं. बाग करायची, चकचकीत करायची, चार्ज द्यायचा आणि ट्रकमध्ये बसायचं, यात त्यांना काही गमावल्यासारखं वाटत नव्हतं. जन्मभर तेच केलं. आता निवृत्त झाले तर मूव्ह, म्हणजे हलायचा हुकूम, येईना. म्हणून त्यांनी स्वतः जागचं न हलता बाकी सगळं हलवायला काढलं होतं. मला क्षणभर त्यांची कणव आली. नंतर वर गेले, तर माझं चपलांचं कपाट जिन्याच्या भिंतीवर माझ्या डोक्यापेक्षा उंच टांगलेलं होतं.

काकूंची मात्र कमाल होती. नवरा देशभर बागा करत होता तेव्हा त्या गावी सासू-सासऱ्यांचं आणि गुराढोरांचं करत होत्या. नवऱ्याबरोबर सलग राहायला मिळालं ते या घरात. स्वयंपाक करता करता हात डब्यांच्या फळीकडे जायचा आणि तिथे डबा नसायचा. मग त्या शांतपणे म्हणायच्या, "मोहरी कुठं बदलीवर गेली ती बगते." मी चिडले की मलाच समजवायच्या, "जाऊ दे पोरी. दारू न्हाई, पत्ते न्हाईत. येवढंच हाय." येवढंच! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि त्या हसत असायच्या.

मग काकू धडपडायला लागल्या. कधी कोपर दाराला लागायचं, कधी पायाचं बोट टेबलाला. गुडघ्याखाली सदा काळंनिळं. आम्ही काय केलं? सुभेदारांना बोल लावले. दुसऱ्या कुठल्याही घरात बाई अशी ठेचकाळायला लागली असती, तर लोकांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं. या घरात ज्याला त्याला ठेच लागत होती, त्यामुळे काकूंची ठेच वेगळी आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यांच्या स्वतःच्याही नाही. त्या म्हणायच्या, "यांनी टेबल हलवलं असंल."

एक दिवस अंगणात मी त्यांच्या शेजारी उभी होते. आसपास काही नव्हतं. ना कुंडी, ना टायर. त्या वळल्या आणि सरळ माझ्या अंगावर येऊन आपटल्या.

"आगं बाई, तू हायस व्हय हितं?" त्या म्हणाल्या. मी मघापासून त्यांच्याशीच बोलत होते.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बराच वाढलेला. समोरचं दिसत होतं, पण नळीतून पाहिल्यासारखं. दोन्ही कडांचं आणि पायाखालचं नाही. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकते का ते थेंबांवर आणि नशिबावर. सुभेदार खुर्चीत ताठ बसले होते. डॉक्टर त्यांच्याकडे वळून म्हणाले, "घरातलं सामान हलवू नका. पायाला सवयीच्या वाटा असू द्या. त्यांना आता आठवणीनेच चालायचं आहे."

"येस सर," सुभेदार म्हणाले. सॅल्यूट ठोकायचा तेवढा राहिला.

खरं सांगते, त्यांनी कसूर केली असं मी म्हणणार नाही. डोळ्यांत थेंब घालायची वेळ त्यांनी एकदाही चुकवली नाही. टेबलांच्या कोपऱ्यांना फोम लावला, पायात येणारे गालिचे काढून टाकले, न्हाणीघरापर्यंत भिंतीला हाताला धरायला दांडा बसवला. आणि हे सगळं करताना घर पुन्हा एकदा मुळापासून बदललं.

"अहो, हलवू नका म्हणाले ना डॉक्टर?"

"येकदाच परफेक्ट करतो. मंग हात लावायचा न्हाई. हे शेवटचं, मॅडम."

काकूंनी भिंत चाचपत ते नवं घर पाठ केलं. पाठ होत आलं तोवर सुभेदारांना आधीच्या मांडणीत एक चूक सापडली. चूक होतीही, पलंगावरून उठून दाराकडे जाताना सोफ्याला वळसा पडत होता. तो वळसा वाचवायला त्यांनी सोफा हलवला, सोफ्यासाठी कपाट, कपाटासाठी पलंग. हेही शेवटचं. मग त्याहून शेवटचं. काकूंसाठी म्हणून करायचे, मनापासून करायचे, आणि नेमकं एकच काम जे करायचं नव्हतं तेच करायचे. मी भांडले, लेक फोनवर रडली. दोघींनाही ते म्हणाले, "मला काय हौस हाय का?" आम्ही दोघींनी एकाच सुरात हो म्हटलं.

स्वयंपाकघरातून मागच्या पडवीत जायच्या बोळात त्यांनी झाडांच्या कुंड्या मांडल्या. हिरवं बघून डोळ्याला गारवा मिळतो असं कुठेतरी ऐकलं होतं. मांडल्या दुपारी, तेव्हा काकू झोपल्या होत्या. उठून त्या पडवीतले कपडे काढायला निघाल्या आणि आडव्या झाल्या. मनगट मोडलं.

दवाखान्यातून आल्यावर मी तोंडाला येईल ते बोलले. सुभेदार खाली मान घालून ऐकत होते. वाटलं, आता तरी. तर मान वर करून म्हणाले, "डाव्या अंगाला लावाय पायजे हुत्या कुंड्या. उजवीकडं चुकलंच."

मी हातातला ग्लास खाली ठेवला, नाहीतर फेकला असता.

रहिमतपूरहून काकूंचे भाऊ त्यांना न्यायला आले. काकूंनी स्वतःच पिशवी भरली होती. निघताना नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, मी लगीन येकदाच केलंय. पर रोज नव्या घरात नांदाय येतीया. आता न्हाई जमत मला." आवाज चढवला नाही की डोळ्यांतून पाणी काढलं नाही. भावाचा हात धरून नव्या फाटकाकडे चालायला लागल्या आणि मध्येच सवयीने जुन्या फाटकाकडे वळल्या. भावाने त्यांना हलकेच वळवलं. सुभेदार बघत होते.

मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर एका रविवारी सुभेदार त्यांना आणायला निघाले. "तुमी चला, मॅडम. तुमचं ऐकती ती," म्हणाले. कुणीच कुणाचं ऐकत नाही हे मला ठाऊक होतं, तरी गेले.

काकूंच्या भावाचं घर बघून सुभेदारांचा चेहरा आंबट झाला. ओसरीवर कडबा कापायचं यंत्र, खताची पोती, कोपऱ्यात फवारणीचा पंप. बाहेरच्या खोलीत बरोबर मध्यभागी एक लाकडी स्टूल, एका पायाला फडकं गुंडाळलेलं. लुक नावालाही नाही. आणि त्या घरात काकू भराभर चालत होत्या. भिंतीला हात नाही, पाय चाचपत टाकणं नाही. दोन पायऱ्या उतरून पाण्याचा हंडा, तिथून वळून चूल, चुलीवरून परत. हे त्यांचं माहेर; लहानपणापासून तिथली एकही वस्तू हलली नव्हती. कित्येक दिवसांनी मी त्यांना घाईने चालताना पाहिलं.

भाऊ बैलाला पाणी दाखवायला मागे गेले. मी मोबाइलमध्ये एस.टी.ची वेळ बघत होते. चहाचा वास आला आणि काकू दोन्ही हातांत ट्रे धरून आतून आल्या. खोलीच्या मध्यावर आल्या, कमरेत वाकल्या आणि ट्रे ठेवला. हवेत.

कप फुटले, चहा त्यांच्या पायांवर, माझ्या साडीवर उडाला. मी चमकून पाहिलं. स्टूल भिंतीला लागून नीट उभं होतं. जायच्या यायच्या वाटेत ते बरं दिसत नाही म्हणून सुभेदारांनी पायानेच सरकवलं होतं. मला दिसलं नाही, पण त्यांच्याच चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं.

काकूंनी क्षणभर रिकाम्या हातांनी हवेत चाचपलं. त्यांना स्टूल कुणी हलवलं ते विचारावं लागलं नाही.

"आवं," त्या म्हणाल्या, "हितं तरी असू द्यायचं हुतं की."

तेवढंच. सुभेदारांनी आजवर त्यांना घरात धडपडताना पाहिलं होतं. पण मोडलेल्या मनगटाच्या वेळीही ते समोर नव्हते. त्या इतक्या विश्वासाने वाकल्या आणि खाली काहीच नव्हतं, हे त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. ते उठले. आधी काकूंच्या पायांवर गार पाणी ओतलं, मग गुडघे टेकून काचा वेचल्या. मग स्टूल उचलून मध्ये आणलं आणि ते धरून उभे राहिले.

"हितं हुतं न्हवं?"

"न्हाई. जरा माझ्याकडं."

"आता?"

"अजून. हां, हितं."

साताऱ्याच्या घरात इतके दिवस काढून मी सुभेदारांना एखादी वस्तू कुठे ठेवू असं विचारताना ऐकलं नव्हतं. बहुधा काकूंनीही नसावं.

काकू परत आल्या, पण अटीवर. सगळं त्या सांगतील तिथे. खोलीच्या मध्ये उभ्या राहून त्या सांगायच्या आणि सुभेदार हमालासारखे वाहायचे. सोफा असा ठेवला की टीव्ही अर्धा झाकला जात होता, राहू दे. पंखा भलतीकडे, राहू दे. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. सगळं मांडून झाल्यावर सुभेदारांनी पांढऱ्या रंगाचा डबा काढला आणि प्रत्येक पायाभोवती फरशीवर रेघ मारली, युनिटमध्ये गाड्या उभ्या करायला मारतात तशी. सोफ्याचे चार पाय, पलंगाचे चार, डब्यांच्या फळीवर प्रत्येक डब्याभोवती गोल. बाहेर माझ्या स्कूटरभोवतीही.

माझे हाल संपले असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. स्कूटरचं चाक रेघेवर आलं की शिट्टी. चप्पल चौकोनाबाहेर गेली की शिट्टी. नवऱ्याने एकदा गप्पांच्या नादात खुर्ची वीतभर पुढे ओढली, तर सुभेदारांनी त्याला उठवून ती मागे घेतली आणि मग बसा म्हणाले. आधी काही जागेवर नसायचं म्हणून मी वैतागायचे, आता काही जागेवरून हलेना म्हणून. या माणसाला मधला रस्ता म्हणून ठाऊक नव्हता.

उरली होती बाग. घर गेलं तरी बाग आपलीच असा त्यांचा हिशेब होता. एक दिवस संध्याकाळी मी वाळलेले कपडे घेऊन जिन्यावर होते, तर खाली खुरपं घेऊन सुभेदार मोगऱ्याचं आळं उकरत होते. मोगरा दुसरीकडे न्यायचा होता. काकू पडवीच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

"काय चाललंय?"

"काय न्हाई. बागेतलं हाय. तू कुठं येतीस बागेत?"

"वाटच ऱ्हात न्हाई, तर येणार कशी? मला यायचं हाय की."

सुभेदारांचा हात थांबला. मग उकरलेली माती त्यांनी परत आळ्यात लोटली, हाताने दाबली.

"मंग काय लावू सांग. तू म्हनशील ते लावतो."

"लावायचं काय न्हाई. हाय ते वाढू द्या."

"मंग मी करू काय?"

हे त्यांनी कुरकुरून विचारलं नाही. खरोखरच विचारलं. खुरपं हातात धरून तो माणूस उभा होता आणि पुढे काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. मला पहिल्यांदाच त्यांच्यावर चिडता येईना. आणि चिडता येत नाही म्हणून मी आणखी चिडले.

"बसा की हितं," काकू म्हणाल्या.

सुभेदारांनी हात धुतले, येऊन पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. मोठ्या कष्टाने बसले. समोर मोगरा, कढीपत्ता, वाढेल तशी वाढलेली जास्वंद. काकू समोर बघत होत्या. समोरचं तेवढं त्यांना दिसत होतं. थोडा वेळ बरा गेला. मग सुभेदारांचा हात हळूच पायरीच्या कडेला गेला. तिथे तुळशीची लहान कुंडी होती, जराशी तिरकी. जिन्यावरून मला दिसत होतं. काकूंना दिसणं शक्यच नव्हतं, हात त्यांच्या कडेला होता.

"कुंडी हलवू नका," मान न वळवता काकू म्हणाल्या.

"न्हाई हलवत," सुभेदार म्हणाले, आणि हात मागे घेऊन मांडीखाली दाबून बसले.